घुबडाचं खोकं

बाबा, आईने आज पुन्हा शिडी मागितली. या वयात ती चढणार नाही हे मला ठाऊक आहे, पण फर्स्ट शिफ्ट संपवून मी बिरवाडीहून घरी येतो, हातपायही धुतलेले नसतात आणि हिचं सुरू, ते घुबडाचं खोकं उतरव. माळ्यावरच्या भाताला उंदीर लागले म्हणून मीच ते वर वळचणीला ठोकलं. गव्हाणी घुबड आलं, अंडी घातली, आता आत पिल्लं फिसकारतात. उंदीर कमी झालेत. पण हिला कोण सांगणार?

खोकी करायला तुम्हीच शिकवलंत. अजून डोळ्यांसमोर आहे, आंब्याची पेटी मोडून तुम्ही पडवीत बसलाय, मी हौसेनं चिमणीच्या खोक्याचं भोक मोठं करून ठेवलंय, आणि तुम्ही खेकसता, "साळुंकी घुसंल ना रे गाढवा." घुसलीच. मग चिमणीला दुसरं केलंत, बारक्या भोकाचं, आणि दयाळाला पुढची फळी अर्धीच लावलेलं. आजही विणीच्या दिवसांत तिन्ही भरलेली असतात. आईला त्यांचं भारी कौतुक. साळुंक्यांना तर ती शेजारणी म्हणते, त्यांच्यासाठी भात काढून ठेवते. डोकं फिरतं माझं. बाकी सगळी पाखरं लेकरं, आणि हे एकच वैरी?

तुम्हाला महाडला दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या संध्याकाळी कौलांवर घुबड बसलं होतं, एवढंच तिच्या लक्षात आहे. वर्षभर छाती भरून येत होती, डॉक्टरांनी हात जोडले तरी बिडी सुटली नाही, त्याचं नाव कुणी काढत नाही. तुम्ही तरी ऐकायचं होतंत, बाबा. आज माझा तोल गेला, हे सगळं मी तिला ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, "तुझ्या बापाला नेलान त्यानं. आता माझ्यासाठी बसलंय." मी सांगून टाकलं, पिल्लं उडाल्याशिवाय खोकं हलणार नाही.

हा कागद मी कुठल्या पत्त्यावर धाडणार? पण एक गोष्ट फक्त तुम्हालाच सांगतो. मघाशी, दिवेलागणीला, घुबड चिरकलं आणि लिहिता लिहिता पेन टाकून मी चुलीपाशी धावलो. आई भाकरी थापत होती. "काय रे?" म्हणाली. काय नाय, म्हटलं, आणि भाकऱ्या होईपर्यंत तिथंच बसून राहिलो.