पाठमोरा का उभा राहायचास?

खामगाव, १२ डिसेंबर

प्रिय नंदू,

इतके दिवस तुला काहीच लिहिलं नाही, माफ कर. तुला जाऊन वर्ष होत आलं. या वर्षात मी तुझ्याविषयी जेवढं लिहिलं, तेवढं आयुष्यात कशाविषयीच लिहिलं नसेल. पण ते सगळं परक्यांसाठी. तुला एक ओळसुद्धा नाही. आज लिहायला बसले, कारण काल तुझा ड्रमवाला सलीम येऊन गेला. तेव्हापासून तुझ्या फोटोसमोरून जाताना मला मान वर करता येत नाही.

तू गेल्यावर थोड्याच दिवसांत त्याने मला विचारलं होतं. बँडच्या पेजवर लोक सारखे नंदूचं विचारतात, आमच्यापैकी कोणाच्यानेच लिहिणं होत नाही, तुम्ही लिहाल का ताई? मी ग्रंथपाल, रोज डायरी लिहिणारी, म्हणून मला जमेल असं त्याला वाटलं. मलाही वाटलं. निदान तुझं एक काम तरी आपल्या हातून होईल.

लोक काय काय विचारतात रे! बँडचं नाव 'खारपाण' का? नंदूभाऊ आंघोळ करताना कोणतं गाणं म्हणायचे? त्यांनी लग्न का केलं नाही? पुण्याच्या एकाने विचारलं, तुझ्या बास गिटारच्या पट्ट्यावर जाड काळा दोरा दिसायचा, तो नवसाचा होता का? तो पट्टा सलीमच्या वडिलांनी दुकानात गादी शिवायच्या दोऱ्याने शिवून दिला होता. मी तसंच लिहिलं. नावाबद्दल लिहिलं, की पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना आमच्या विहिरींचं पाणी खारट लागतं, त्या पट्ट्याला खारपाण म्हणतात. लग्नाबद्दल लिहिलं, माहीत नाही.

एकदा कोणी तुझी आवडती भाजी विचारली. मला नक्की आठवेना, म्हणून सातपुड्याच्या पायथ्याच्या आपल्या जळगावला आईला फोन केला. ती म्हणाली, "मेला माणूस आता काय खाऊन राह्यला, थे विचारतात का लोकं?" आणि फोन ठेवला. थोड्या वेळाने तिचाच फोन आला. "वांग्याचं भरीत. पण कांद्याची पात टाकेल पाह्यजे, असं लिही."

ही खरी उत्तरं लोक वाचायचे, एखादा अंगठा द्यायचे आणि पुढे जायचे. हे मी तुला का सांगते आहे, ते तुला कळेलच. तुझ्या ताईला ते लागायला लागलं होतं.

मग जानेफळच्या एका मुलीने विचारलं, "नंदूभाऊ स्टेजवर लोकांकडं पाठ करून काऊन उभे राह्यत?"

हे मी तुला कधी विचारलंच नव्हतं. तुझे कार्यक्रम मी पाहिले ते मोबाईलवर, अर्धेमुर्धे. मला वाटायचं, तुमच्या या संगीतात असंच काहीतरी असेल. त्या मुलीला 'माहीत नाही' एवढंच लिहायचं होतं. मी लिहिलं, "नंदू म्हणायचा, लोकांकडे पाहून वाजवलं की थोडं खोटं वाजतं. म्हणून मी सातपुड्याकडे तोंड करतो. डोंगरासमोर खोटं वाजवता येत नाही."

नंदू, असं तू कधीच म्हणाला नव्हतास. त्या दिवशी डायरीत मी फक्त 'जानेफळच्या मुलीला उत्तर दिलं' एवढं लिहिलं. ते कुठून आणलं, हे स्वतःच्या डायरीतही लिहिलं नाही. तेव्हाच मला कळलेलं असणार, नाही का?

ते वाक्य वाऱ्यासारखं पसरलं. लोकांनी ते तुझ्या पाठमोऱ्या फोटोवर छापलं, टी-शर्ट निघाले. एका मुलाने दंडावर डोंगर गोंदवून फोटो पाठवला. आणि प्रश्न वाढले! नाशिकच्या हॉलमध्ये सातपुडा कुठे असायचा? सभागृहाचं तोंड दक्षिणेला असेल तर नंदूभाऊ काय करायचे? तुला हसू येईल, पण मी कॉलेजच्या नकाशांच्या पुस्तकात नाशिक काढून दिशा पाहिली आणि उत्तर दिलं. एका खोट्याला टेकू द्यायला मी किती काटेकोरपणे काम केलं!

सगळे मला ताई म्हणायला लागले. तुमच्यामुळे नंदूभाऊ कळले, ताई. असंच लिहीत राहा, ताई. इतकी वर्षं डायरी लिहिली, ती कोणी वाचली नाही, कोणी वाचावी अशी ती नव्हतीही. तू गेलास आणि मला वाचक मिळाले. तुझ्याशी तरी खरं बोलायला हवं. कॉलेजात दुपारी पुस्तकांचे शिक्के मारता मारता मी मोबाईल उघडून पाहायची, कोणी काय लिहिलं. मला ते आवडत होतं.

काल दुपारी सलीम आला. येताना आईने दिलेली ज्वारीची पिशवी घेऊन आला. चहा घेतला, कॉलेजचं विचारलं, वडिलांचे गुडघे आता दुकानाची पायरी चढू देत नाहीत म्हणाला. मग अकोल्याच्या कार्यक्रमाचं सांगायला लागला. तुझं गाणं सुरू झालं आणि समोरच्या सगळ्या लोकांनी पाठ फिरवली. तुझ्या आठवणीत. हात वर करून, स्टेजकडे पाठ करून उभे राहिले. त्याला आधी वाटलं, मागे भांडण झालं म्हणून सगळे तिकडे पाहत आहेत.

मी विचारलं, मग काय केलं?

"काय करतो? पाठी पाहत वाजवलं. फक्त एक शेंगदाणेवाला आमच्याकडं तोंड करून होता."

मी हसले. तो हसला नाही. कप खाली ठेवून म्हणाला, "ताई, थे डोंगराचं त्यानं तुम्हाले कवा सांगतलं?"

नंदू, त्याने मला दार उघडून दिलं होतं. मी त्यातून बाहेर पडायचं सोडून म्हटलं, "असंच, एकदा बोलता बोलता." त्याच्या तोंडावर म्हटलं. ज्याच्याबरोबर तू निम्मं आयुष्य काढलंस, त्याला मी तुझं वाक्य म्हणून माझं वाक्य दुसऱ्यांदा विकलं.

त्याने कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "असन. मले त्यानं वेगळं सांगतलं होतं."

आणि त्याने सांगितलं. "उजव्या कानानं त्याले काहीच ऐकू येत नोतं ताई. डावाबी कमी झाला होता. थो माह्या पायाकडं पाहे. माहा पाय ड्रमच्या पेडलवर पडला का त्याचं बोट तारेवर पडे. लोकायकडं तोंड केलं असतं तर तालातून गेला असता."

डॉक्टरांनी तुला वाजवणं बंद करायला सांगितलं होतं म्हणे. तू सलीमला म्हणाला होतास, बंद करून काय करू, ताईच्या लायब्ररीत शिक्के मारत बसू? हे सांगतानाच तो एकदा हसला. आणि बाकी कोणाला सांगायचं नाही म्हणून तू त्याला शपथ घातली होतीस. तू गेल्यावरही वर्षभर त्याने ती पाळली. काल माझ्या स्वयंपाकघरात मोडली, कारण मी त्याच्याशी खोटं बोलले.

मला का नाही सांगितलंस रे? मी काय केलं असतं? तुझ्या मागे लागले असते, अकोल्याला, नागपूरला नेलं असतं, वाजवू दिलं नसतं. हो, असंच केलं असतं. म्हणूनच नाही सांगितलंस.

आता सगळं वेगळं दिसतं. तू फोन उचलायचा नाहीस, नुसते मेसेज करायचास. मी आईला म्हणायची, नाव झालं तसा नंदू बदलला, ताईशी बोलायला त्याला वेळ नाही. राखीला आलास तेव्हा मी स्वयंपाकघरातून काहीतरी विचारत राहिले आणि तू उत्तर दिलं नाहीस. मी बाहेर येऊन तुला टोचून बोलले. तू फक्त हसलास आणि जागा बदलून बसलास. माझ्या उजव्या हाताला. आज मला कळतं, तू तुझा डावा कान माझ्याकडे केलास.

पण खरी लाज मला कानाची वाटत नाही, नंदू. न कळलेलं माफ होऊ शकतं. लाज वाटते ती माझ्या उत्तराची. त्यात तू होतास, डोंगर होता, खरंखोटं होतं. सलीम कुठेच नव्हता. तू उभा होतास तो एका माणसाच्या पायावर डोळे लावून, त्याच्या भरवशावर. मी तो माणूसच खोडून टाकला आणि तिथे सातपुडा ठेवला. आता हजार लोक त्याच्याकडे पाठ करून उभे राहतात, आणि तो वाजवतो.

येत्या शनिवारी जळगावला तुझ्या वर्षाचा कार्यक्रम आहे. तिथे तर डोंगर समोरच दिसतो. सगळे तिकडेच वळणार. सलीम म्हणाला, "अकोल्याले वाजवलं. पण आपल्या गावात नाई होनार माह्याच्यानं, ताई. म्या नाई येत." मी म्हटलं, मी लिहिते, त्याला ऐकू येत नव्हतं म्हणून लिहिते. तर तो पटकन म्हणाला, "कानाचं नका लिहू. तुम्हाले सांगतलं, तेवढंच लई झालं."

तो गेल्यापासून विचार करते आहे. ते उत्तर गुपचूप पेजवरून काढून टाकलं तर? टी-शर्ट राहतीलच, आणि माझं नावही चांगलं राहील. 'नंदू तसं का उभा राहायचा मला माहीत नाही' असं लिहिलं तर? काल दुपारपर्यंत ते खरं होतं. आज ते आणखी एक खोटं होईल. खरं लिहिलं तर सलीमची शपथ जगासमोर मोडते, आणि ज्या कानासाठी तू सगळ्यांना पाठ दाखवलीस, तो कान मी सगळ्यांपुढे उघडा करते.

मग उरतं एवढंच. डोंगराचं वाक्य नंदूचं नाही, माझं आहे, मी बनवलं. खरं कारण आता मला माहीत आहे, पण ते सांगायचा हक्क मला नाही. जळगावला याल तर तोंड स्टेजकडे ठेवा, नंदू ज्याच्याकडे पाहून वाजवायचा तो सलीम तिथे असेल. असं लिहायचं, म्हणजे सलीमही वाजवायला येईल. लोक चिडतील. ज्याने दंडावर डोंगर गोंदवून घेतला, तो मुलगा काय म्हणेल? मला ताई म्हणणारे निम्मे तरी जातील. जाऊ देत. तो शब्द मुळात तुझा होता, आणि मी तो वाटत फिरले.

हे सगळं मी केलं असतं, कालच केलं असतं. अडले ते आईपाशी.

तिला ते वाक्य शेजारच्या रुबिनाने मोबाईलवर वाचून दाखवलं. तेव्हापासून ती संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून उत्तरेला तोंड करून बसते. पूर्वी गुडघ्यांमुळे जिना चढायची नाही, आता चढते. मागच्या खेपेला मी गेले तेव्हा मला म्हणाली, "पाह्य, इकडंच पाहे माहा नंदू." मी तिच्या शेजारी बसून डोंगराकडे पाहत राहिले. तेव्हा तर मला कानाचं माहीतही नव्हतं. फक्त एवढंच माहीत होतं, की हे माझं आहे, त्याचं नाही. तरी गप्प राहिले. आईला बरं वाटत होतं म्हणून, की मला सांगायची लाज वाटली म्हणून? मला ठरवता येत नाही. बहुतेक लाजच.

आता मी पेजवर लिहिलं, तर रुबिना तेही तिला वाचून दाखवेल. हे तिला मोबाईलवरून कळता कामा नये. मला समोर बसून सांगायला हवं. आणि ती विचारेल, मंग काऊन उभा राहे थो? तेव्हा काय सांगू? सलीमला घातलेल्या शपथेत आईही येते का, नंदू? तू तिला वगळलं असतंस की तिच्यापासूनच सर्वांत जास्त लपवलं असतंस? हे ठरवायला तू हवा होतास. हे तुझं उत्तर मी बनवणार नाही.

तुला एक वचन देते. यापुढे तुझ्या तोंडी माझं वाक्य घालणार नाही. भरीत म्हणजे भरीत, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही. लोकांना ते फिकं लागलं तर लागो. तू जेवढा मला माहीत होतास तेवढाच मी त्यांना देईन. तो फार थोडा आहे, हेही त्यांना कळू दे.

तुझी,
ताई

उद्या: रजेचा अर्ज देऊन सकाळच्या बसने जळगावला जायचं, आणि पेजवर काही लिहिण्याआधी आईला सांगायचं.