ताटलीतला बोर्ड आणि दारावरचे सील

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
रसायन तपासणी कक्ष.

विषय : मागच्या खोलीचे सील काढण्याबाबत (तिसरा अर्ज).
संदर्भ : माझे अर्ज दि. ३० मे व ४ जून. आपली नोटीस दि. १२ जून.

महोदय,

थोरल्या मुलीला जुळी झाली त्या वर्षी मी रेडिओ दुरुस्तीचे दुकान बंद केले आणि घरीच, मागच्या खोलीत, सर्किट बोर्ड बनवण्याचा छंद धरला. लिहायला-वाचायला मला पत्नीने पन्नाशीनंतर शिकवले. चूकभूल पदरात घ्यावी.

१. सर्किटचा नकाशा कागदावर छापून तांब्याच्या पत्र्यावर इस्त्रीने उमटवतात. मग पत्रा ताटलीतल्या द्रावणात ठेवला की उघडे तांबे विरघळते, रेघांखालचे उरते. इस्त्री पत्नीचीच नेत असे. "अहो, माझे कपडे चुरगळलेले आणि तुमचा पत्रा मात्र कडक," असे ती म्हणे.

२. गेल्या हिवाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. डाव्या हाताचे एक बोट तेवढे हलत असे. हाक मारायला आणलेल्या बाजारच्या घंटीचे बटण तिच्याने दाबले जाईना, म्हणून नुसत्या स्पर्शाने वाजणारी घंटी करायला घेतली. नकाशा आरशात दिसावा तसा उलटा छापायचा असतो. घाईत मी सुलटा छापला. तो बोर्ड कचऱ्यात गेला. दुसरा दि. २८ मे रोजी द्रावणात असतानाच आपले निरीक्षक आले.

३. खालच्या मजल्यावरच्यांनी मोरीतल्या तपकिरी डागाची तक्रार केली होती. डाग माझ्याच हातून सांडलेल्या द्रावणाचा, हे मी कबूल केले. निरीक्षक म्हणाले, "आजोबा, हा कारखाना आहे." वीस मिनिटे थांबा, पत्रा काढून घेतो, अशी विनंती केली. त्यांनी सील लावले.

४. कारखाना नसल्यास बनवलेली वस्तू समक्ष दाखवावी, असे आपल्या कार्यालयात खिडकी क्रमांक तीनवर सांगण्यात आले. वस्तू सीलच्या आत आहे. आता नोटीस म्हणते, द्रावणाची विल्हेवाट सात दिवसांत मीच लावावी. आणि सीलला हात लावल्यास गुन्हा. दोन्ही आज्ञा एकाच सहीच्या आहेत. कोणती पाळावी, एवढे तरी लेखी कळवावे.

५. आधीच्या अर्जांतला 'तातडीचे' हा शब्द खोडावा. इतक्या दिवसांत द्रावणाने रेघाही खाल्ल्या असतील. बोर्ड मला नको. इस्त्री आत अडकली आहे, ती द्यावी. पत्नीला शेवटचे कपडे चुरगळलेलेच घालावे लागले.

उत्तराची वाट पाहणारा,
(सही) मागच्या खोलीचा मालक
दि. १५ जून

सोबत :
१) नोटिशीची प्रत.
२) मृत्यूचा दाखला. माझी पत्नी दि. ९ जून रोजी सकाळी सव्वाअकरा वाजता वारली. शेजारीण स्वयंपाकघरात होती, तिला कळले नाही. मी खिडकी क्रमांक तीनच्या रांगेत होतो.