हे परक्या खानावळीत जेवतात

कामारेस, सिफ्नोस बेट
गुरुवार

प्रिय सिमोस भावजी,

माझं अक्षर पाहून दचकला असाल. नऊ वर्षांत या घरातून तुम्हाला सणाचं साधं कार्डसुद्धा आलं नाही. हे धक्क्यावर मासळी घ्यायला गेलेत, तेवढ्यात लिहून घेते. तुमच्या भावाचं काहीतरी बिनसलंय, भावजी. महिनाभर मी त्यांच्या मागावर आहे.

आधी बेकरीतल्या कॅलिओपीनं टोमणा मारला. "काय गं ओरानिया, चूल विझवलीस की काय? तुझा नवरा फ्लोराच्या खानावळीत जेवतो!" मी हसण्यावारी नेलं. आपल्या बंदरावरचा खानावळवाला उपाशी मरेल, पण दुसऱ्याच्या खानावळीत घास तोंडात घालणार नाही, हे तुम्हाला काय सांगायचं! पण मंगळवारी हे इस्त्रीचा सदरा घालून "न्हाव्याकडे जातो" म्हणाले, आणि डोक्यावर कापायला केस किती उरलेत ते मला ठाऊक. मीही गेले मागोमाग. एकसष्ट वर्षांची बाई मी, वाळत घातलेल्या जाळ्यांमागे लपून बसले. लाज वाटली हो. फ्लोरानं केपरच्या आंबट-खारट कळ्यांची कोशिंबीर आणून ठेवली. ती विधवा, त्यात कायम लिपस्टिक लावलेली. ह्यांनी एक कळी तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि ताट बाजूला सारलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पण दुसऱ्या दिवशी हे म्हाताऱ्या स्टेलिओसच्या खानावळीत मासळीचं सार प्यायला गेले, आणि शुक्रवारी वर डोंगरावरच्या गावात जेवायला. स्टेलिओसला काही कोणी लिपस्टिकसाठी भेटत नाही. मग वाटलं, खानावळ विकायचा घाट घातलाय आणि गिऱ्हाईक शोधताहेत. कारण आमच्या खानावळीतले पदार्थही एकेक करून बंद व्हायला लागले होते. आधी सार गेलं. मग वाइनमधलं कोकराचं मटण गेलं, म्हणे "शेपू चांगला मिळत नाही." शेपू तर परसात गुडघाभर वाढलाय! राहिले फक्त रविवारचे छोले. त्यांचं मडकं शनिवारी कणकेनं तोंड बंद करून भट्टीत जातं, ते रविवारी चर्च सुटल्यावरच उघडतं. मध्ये चाखायचा प्रश्नच नाही. मी एवढी संशयी, पण तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

शेवटी फ्लोराशी भांडायला गेले. ती म्हणाली, "अगं बाई, तुझा नवरा माझ्याकडे ढुंकून बघत नाही. नुसता विचारतो, यात लिंबू पिळलंय का? समोर लिंबाची फोड पडलेली असते!"

घरी आले, रात्रभर त्या लिंबाचा विचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांच्या कॉफीत साखरेऐवजी दोन चमचे मीठ घातलं. वाईट केलं, कबूल आहे. हे शेवटच्या गाळापर्यंत प्यायले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "आज मस्त जमलीय." मी कोठीत जाऊन ॲप्रनचं टोक तोंडात कोंबून रडले. फेब्रुवारीतल्या तापानं ह्यांची चव पार नेली, वासही नेला, आणि ह्या माणसानं कोणाला चकार शब्द सांगितला नाही. आपल्याच हातची चव गेली की जगातलीच, हे बघायला बिचारा दारोदार जेवत फिरतोय.

मला कळलंय, हे त्यांना ठाऊक नाही. "मी चाखून सांगते" म्हटलं तर त्याच दिवशी खानावळीला कुलूप लावतील. त्यांना माझी कीव सोसणार नाही. तुमच्याशी भांडण मात्र सोसेल. म्हणून लिहितेय, भावजी. शनिवारच्या बोटीनं या. कोणाला न विचारता सरळ स्वयंपाकघरात शिरा, भांड्यात चमचा घाला आणि नऊ वर्षांपूर्वी भरल्या खानावळीत म्हणालात तसंच मोठ्यानं म्हणा, "दादा, खारट झालंय." अळणी असेल तर अळणी म्हणा. हे ओरडतील, आईवरून शिव्या देतील, कदाचित डावही फेकून मारतील. तुम्ही हलू नका. तुमची पाठ वळली की ते मीठ सुधारतील, मी पैजेवर सांगते. त्या दिवशी तुम्ही तडकाफडकी निघून गेलात ना, त्यानंतर त्यांनी पुन्हा एक चमचा चाखला आणि अख्खं भांडं समुद्रात ओतलं. खारटच होतं, भावजी. मी तेव्हाच कळवायला हवं होतं.

तुमचीच,
ओरानिया वहिनी