सर्जाच्या चित्राखाली

बोरगाव, ७ ऑगस्ट
सर्जाचा डोळा पुन्हा पुसला! बेळगावचं प्रदर्शन महिनाअखेरीला, मुख्य चित्र याचंच, आणि हा बैल अजून माझ्याकडे बघायला तयार नाही.

दुपारी आप्पा आले. चपला बाहेर काढून चित्रापुढे बसले. "डावं शिंग जरा खाली व्हतं गं." बरोबर होतं. गेल्या वर्षी सर्जा गेला, तेव्हा कातडं न्यायला आलेल्याला त्यांनी हात जोडून परत पाठवलं. बांधाला खड्डा काढून, मीठ घालून स्वतः पुरलं. दोन दिवस अन्नाला शिवले नव्हते.

९ ऑगस्ट
डोळा जमला!!

१३ ऑगस्ट
बेळगावहून फोन — प्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेसाठी चार ओळी हव्यात. लिहिलं : 'माणूस आणि जनावर यांच्यातलं अहिंसेचं नातं.' स्वतःवरच खूश होऊन नव्या कॅनव्हासच्या अस्तरासाठी सरस शिजवायला घेतलं. आई डोकावली. "कसला गं वास?"

"डिंक हाय."

डिंक! एवढं चटकन खोटं बोलले, तेव्हा मलाच कळलं मी काय ढवळतेय ते. कातडी, हाडं उकळून करतात सरस. कॉलेजपासून बेळगावच्या खडेबाजारातून आणते. तयार अस्तर डब्यात मिळतं की! पण त्यावर रंग मेल्यासारखा बसतो, असं मीच नाक वर करून सांगत असते. सर्जाच्या रंगाखालीही हेच आहे, दोन हात. जैनाची पोर, दिवस बुडाला की जेवत नाही, आणि इतक्या वर्षांत हे एकदाही मनात आलं नाही. लाज वाटते. फार लाज वाटते.

१४ ऑगस्ट
चार ओळी पाठवल्या. तशाच. निर्लज्ज!

१९ ऑगस्ट
आज आप्पांनी चित्राला हात जोडले. "त्रिशला, पर्वात बस्तीत ठिवूया ह्ये. पंडितांस्नी इचारलंय. मग ने तुझ्या बेळगावला."

मी मान डोलावली! जिथे कमरेचा कातडी पट्टासुद्धा काढून आत जातात, त्या मंदिरात! तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. जेवताना त्यांच्याकडे बघवेना.

२२ ऑगस्ट
सांगितलं. गोठ्यात, सर्जाच्या रिकाम्या गव्हाणीपाशी. आप्पांनी गव्हाणीवरून हात फिरवला. मग एवढंच — "कुनाचं व्हतं?"

"काय, आप्पा?"

"कातडं. कुठल्या जनावराचं?"

"म्हाईत न्हाय."

उठून गेले. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आजवर किती कॅनव्हास केले, आणि हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

२३ ऑगस्ट
आप्पा पहाटेच बाहेर पडले. आई विचारते, "काय म्हनलीस गं त्यांस्नी? सकाळधरनं बांधावर बसल्यात."

पुन्हा बेळगावचा फोन. पत्रिका छापून आली, वर सर्जाच आहे. 'मस्त झालीय,' म्हणाले. मी 'हो' म्हटलं.

२५ ऑगस्ट
आप्पा निपाणीहून मिठाचं पोतं घेऊन आले. कुदळ काढली. दारातूनच म्हणाले, "आन ते चित्र बाहीर. सर्जाच्या शेजारी जागा हाय. त्या जनावराला कुनी मीठ घातलं नसंल."

एका बाजूने त्यांनी धरलं, एका बाजूने मी.