सवतीचा टाक आणि मानसशास्त्र

२० ऑगस्ट १९३४, सोमवार. डोणगाव.
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. निरीक्षणं लिहून ठेवल्याशिवाय शास्त्र पुढे सरकत नाही, असं आमच्या टपाली कोर्सच्या पहिल्याच धड्यात आहे. मुंबईहून डिप्लोमा आला. फ्रेम करून भिंतीवर लावला. फ्रेम किंचित तिरपी बसली आहे, पण दुरून कळत नाही. मानसशास्त्राच्या सगळ्या शाखा जाणणारा शाळामास्तर डोणगावात मी एकटाच. बहुधा सगळ्या मेहकर तालुक्यात.

खामगावच्या एका वाचनालयाने ३० सप्टेंबरला माझं व्याख्यान ठेवलं आहे. विषय : मानसशास्त्राविषयी नेहमीचे प्रश्न. संकल्प : शंभर प्रश्न, शंभर उत्तरं. रोज तीन.

प्रश्न १. मानसशास्त्रज्ञाला दुसऱ्याच्या मनातलं कळतं काय? उत्तर : कळतं. जादूने नव्हे, निरीक्षणाने.

२१ ऑगस्ट. दुपार.
विकृत मानसशास्त्र ही शाखा आधी घ्यावी म्हटलं. तिला केस लागते. घरातच सापडली.

केस नंबर एक. स्त्री, वय एकोणीस. पुष्पा. माझी दुसरी पत्नी. पाचवा महिना. गळ्यात माझ्या पहिल्या पत्नीचा, रुखमाचा, टाक. म्हणजे चवलीएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईची आकृती. दुसरीने पहिलीचा टाक घालायचा, नवं लुगडं आधी त्याला दाखवायचं, हा इकडचा रिवाजच आहे. त्याला माझी हरकत नव्हती. पण पुष्पा त्याच्याशी बोलते. भर दुपारी, भाकरी थापताना. मधेच थांबते, ऐकते आणि हसते.

आज दारात उभा राहून सात मिनिटं निरीक्षण केलं. मानेवर काटा आला. (वारा होता.)

निदान : सबकॉन्शस. आठ दिवसांत बरी करीन.

रुखमा तीन वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली. मूलही गेलं. मी तेव्हा अकोल्याला परीक्षेला होतो. पास झालो. असो.

२७ ऑगस्ट.
केसने आज उलट मलाच प्रश्न विचारला. २ ऑक्टोबरला अविधवा नवमी. कुंकवासकट गेलेल्या बाईचं पान त्या दिवशी वाढतात. पुष्पाला तिच्या आवडीचं करायचं आहे. म्हणाली, ‘‘आक्काइले जेवाले काय आवडे, तेवढं सांगा.’’

मी म्हटलं, उद्या सांगतो.

तिला आई नाही, म्हणून बाळंतपण इथेच करायचं ठरलं आहे. तेही ह्याच खोलीत, जिथे रुखमाचं झालं. पुष्पा भ्याली आहे. म्हणते, ‘‘आक्का सोबतीले असल्या तं मी इथं बाळंत होईन. त्याइचं पान त्याइच्या मनासारखं झालं पायजे. नाही तं मी साखरखेर्ड्याले भावाकडे जातो. मंग वापस येत नाही.’’

भीती ही एक साधी भावना आहे. धडा चौथा.

३० ऑगस्ट. सकाळी ८.
स्मरणशक्तीचं मानसशास्त्र. प्रयोग स्वतःवर. पद्धत : घड्याळ समोर ठेवायचं, कागदावर एक शब्द लिहायचा आणि मनात येतील ते शब्द भराभर उतरवायचे. शब्द : रुखमा.

चूल. पाठ. धूर. पदर. पाठ. फुंकणी. चहा. पाठ.

पुन्हा केला. पाठ. ती चुलीपुढे बसलेली आणि मी मागून काहीतरी मागतो आहे. चेहरा वळेना. सहा वर्षांचा संसार होता. डोळे मिटून चांगला मोठ्याने म्हटलं, ‘‘इकडे बघ.’’ पुष्पा ओसरीतून धावत आली. काही नाही म्हटलं.

घड्याळ बिघडलं असावं. उद्या पुन्हा.

३ सप्टेंबर.
उर्दू शाळेचे अब्दुल गनी मास्तर चहाला आले. त्यांना एकोणतीस प्रश्न वाचून दाखवले. मन आणि आत्मा एकच काय? मूल अंगठा का चोखतं? जिनिंगच्या मजुराला दुपारी आळस येतो तो औद्योगिक मानसशास्त्रात बसतो काय? गनी मास्तरांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, ‘‘सवाल बढिया हायेत. पन हे तुमाले पुसले कोनी?’’

मी म्हटलं, नेहमीचे प्रश्न आहेत.

ते म्हणाले, मला तर घरी एकच पुसतात, येताना काय आणलं म्हणून.

शास्त्रीय वृत्तीचा अभाव. माणूस मात्र चांगला आहे.

पुष्पाने आज तिसऱ्यांदा विचारलं. नाराजी दाखवली नाही. माझ्यासमोरच टाकाला म्हणाली, ‘‘सांगतील हो आक्का, कामात हायेत ते.’’ तिच्याकडून माझी बाजू घेतली जाते आणि तीही कोणापुढे, हे मला आवडलं नाही.

९ सप्टेंबर. पोळा.
प्राणी मानसशास्त्र. आयतीच संधी.

शेजारच्या गोजरबाईचा बैल ओवाळून घेत घेत आमच्या दारापर्यंत आला आणि अडला. हलेना. मी शास्त्रशुद्ध आवाज काढून पाहिला, तर माझ्याकडे शिंगं केली. गोजरबाई म्हणाली, ‘‘त्याले याद हाये मास्तर. रुखमा आपल्या पानातली पुरनाची पोळी त्याले खाऊ घाले. तीन साल झाले, पोळ्याले तो इथं थांबतेच.’’ मग बैल आत बघत उभा राहिला. बराच वेळ. आत कोणी नव्हतं. मीही वळून बघितलं.

प्रश्न ३१. जनावराला स्मृती असते काय? उत्तर : माणसापेक्षा कमी.

परंतु मोठा शोध लागला! रुखमाच्या पानात पुरणपोळी असे. सणासुदीला तीच करायची. म्हणजे पुरणपोळीच तिची आवडती. मला उगाच आठवण करत बसावं लागलं. पुष्पाला सांगितलं. तिचा चेहरा एकदम उजळला. बायका किती थोडक्यात बऱ्या होतात.

१७ सप्टेंबर.
पुष्पा बरी झाली नाही. आता टाकाला पुरणात जायफळ की वेलची ते विचारते.

कडक उपाय. सकाळी ती विहिरीवर गेली असता टाक कोटाच्या खिशात घालून शाळेत आलो. (आंघोळीला काढून ठेवते.) ह्याला प्रयोगात ‘उत्तेजक काढून घेणे’ म्हणतात. आठ दिवस.

१८ सप्टेंबर.
पुष्पा रडली नाही. जेवलीही नाही. शोधत फिरते. जात्याखाली, तुळशीत, पिठाच्या डब्यात.

खिसा जड वाटतो. एवढ्याशा चांदीचं इतकं वजन नसतं.

१९ सप्टेंबर. शाळेतून.
हजेरीवर सही करताना कोणीतरी उजेडात आलं असं वाटून मी म्हटलं, ‘‘सरक जरा.’’ कोणालाही नाही. हेडमास्तरांनी वर पाहिलं.

मधल्या सुट्टीत टाक हातात घेऊन बघितला. आकृतीला डोळे आहेत, नाक आहे. सोनाराने एकाच ठशावर सगळ्या बायका काढलेल्या असतात. तरी बघत राहिलो. म्हटलं, निदान समोरून तर आहे.

घरी येऊन टाक पुष्पाला दिला. प्रयोग आठऐवजी तीन दिवसांतच यशस्वी झाला, असं तिला समजावलं. तिने तो कपाळाला लावला. माझ्याकडे कसं बघितलं ते लिहीत नाही.

३० सप्टेंबर. खामगाव.
व्याख्यान. श्रोते अकरा. दोघे पेपर वाचायला आले होते ते बसून राहिले. उरलेल्यांना मेस्मेरिझम आहे असं सांगण्यात आलं होतं. मी शाखा समजावू लागलो. चौथ्या शाखेला एका कापसाच्या दलालाने उठून विचारलं, ‘‘ते ऱ्हाऊ द्या. माह्या मनात कोनता आकडा हाये, सांगा.’’ मी प्रश्न पहिल्याचं उत्तर दिलं. हशा झाला. समूह मानसशास्त्राचा उत्तम नमुना.

शेवटी एक म्हातारे गृहस्थ हळूच जवळ आले. बायको वारली की तिचं मन कुठे जातं, एवढं फक्त त्यांना विचारायचं होतं. मी सांगितलं, हा प्रश्न विषयाबाहेरचा आहे. ते हो हो म्हणाले आणि हात जोडून गेले. माझ्या वहीत तो नव्हता.

एकूण व्याख्यान यशस्वी.

२ ऑक्टोबर. अविधवा नवमी.
पुष्पाने पहाटे उठून पुरण शिजवलं. सोवळ्यात, पाठीत कळा येत असताना. पान मांडलं. टाक पाटावर ठेवला. गोजरबाईला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं होतं. पोळी पानात पडली आणि गोजरबाई म्हणाली, ‘‘हे काय केलं वं पुष्पा? रुखमाले पुरनानं मळमळे. म्हनून तं बैलाले दे.’’

पुष्पाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मग ती दर सणाला करायची कशाला?

गोजरबाई म्हणाली, ‘‘तुमाले आवडते म्हनून.’’

पुष्पाने तिला विचारलं, मग आक्कांना आवडायचं काय. गोजरबाई म्हणाली, ‘‘थे तं मास्तर जेवल्यावर उरलंसुरलं खाये. तिले कोनी पुसलं बापा?’’

पुष्पा पानापुढून उठली नाही. टाकाला म्हणाली, ‘‘चुकलं आक्का.’’ चूक तिची नव्हती. हे मी म्हणायला हवं होतं. मी उठून प्रश्नांची वही शोधायला लागलो.

२ ऑक्टोबर. संध्याकाळ.
एक निरीक्षण नोंदवायचं राहिलं आहे. तीन वर्षांपूर्वी अकोल्याला तार मला शनिवारी मिळाली होती. ‘रुखमा फार आजारी, निघा.’ सोमवारी शेवटचा पेपर होता. शिक्षकांसाठी मानसशास्त्र. मला वाटलं, बायका घाबरून तारा करतात. पेपर दिला. चांगला गेला. तार उशिरा मिळाली, असं मी सगळ्यांना सांगितलं आणि पुढे मलाही तसंच वाटायला लागलं.

हे आज पुष्पाला सांगितलं. मला रडू आवरेना. तिने ऐकून घेतलं. टाक मुठीत धरून होती. मला म्हणाली, ‘‘मले नका सांगू. मले भेव लागते.’’

५ ऑक्टोबर.
पुष्पाचा भाऊ निवृत्ती दमणी घेऊन आला. मी बालमानसशास्त्रातून गर्भावरील प्रवासाचे परिणाम वाचून दाखवले. त्याने बैल जुंपले. पुष्पाने वाकून नमस्कार केला. कधी येशील, विचारलं. तिने टाक पदराखाली सारला आणि म्हणाली, ‘‘आक्काइले पुसून सांगतो.’’

दमणी वळेपर्यंत गोजरबाई आणि मी उभे होतो. ती म्हणाली, ‘‘गेल्या बापा दोघी.’’

मी म्हटलं, एक.

७ ऑक्टोबर, रविवार. दुपार.
एकांत अभ्यासाला पोषक असतो. नवीन वेळापत्रक : पहाटे आत्मनिरीक्षण, सकाळी प्रश्न ६४ पासून पुढे, दुपारी स्वतः स्वयंपाक.

पहाटे उठलो नाही. प्रश्न ६४ काय होता ते वाचवेना. दुपारी चूल पेटवली. भिंतीकडे तोंड करून बसावं लागतं. मागे दार राहतं. दारातून कोणी काही मागेल म्हणून दोनदा ऐकलं.

पिठलं केलं. आधी रुखमाचं पान वाढावं असं मनात आलं. पाट मांडला, पान ठेवलं, पाणी फिरवलं. मग वाढायला हात पुढे केला, तर काय वाढू ते कळेना. पिठलं तिला चालायचं की नाही, देव जाणे. आता तरी विचारून वाढावं म्हटलं. पण विचारणार कोणाला? तीही साखरखेर्ड्याला गेली.