विगोचं पोट

आरहूस, रविवार

प्रिय बाबा,

विगो बरा आहे, हे आधी सांगते. नाहीतर पुढचं तुम्ही वाचणारच नाही.

तुमच्याकडे जेवण झालं की तो पुढचे पाय ताणून, ढुंगण वर करून अवघडून उभा राहायचा. पोटात गुडगुड, मग गवत खायला बाहेर धाव. तुम्ही म्हणायचात, "म्हातारा झालाय, माझ्यासारखा." जनावरांच्या डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली, तर तुमच्या ठसठशीत अक्षरात रोज एकच ओळ: कोरडं खाणं, एक वाटी. मी ते खाणं तीनदा बदललं. शेजारच्या इंगरवर संशय घेऊन तुमच्यासमोर तिला झापलं, की कुत्र्याला काहीबाही चारू नकोस. तुम्ही खिडकीतून बंदराकडे बघत बसलात.

शेवटी डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस घर बदलून बघा. इथे माझ्याकडे आणताना गाडीतच तो ओकला. डुकराच्या मांसाचे गोळे, बटाटा, तपकिरी रस्सा, वर कांदा, जो कुत्र्याला विष असतो. नंतरचे नऊ दिवस तेच कोरडं खाणं, तीच वाटी. जेवतो आणि खुशाल घोरतो.

मग मी तुम्हाला जेवण पोचवणाऱ्या लिस्बेटला फोन केला. ती कौतुकाने म्हणाली, "तुमच्या बाबांचं ताट म्हणजे धुतल्यासारखं. आम्ही बाकीच्यांना त्यांचं उदाहरण देतो."

आई गेल्यापासून मी रोज विचारतेय, जेवलात का? तुम्ही म्हणायचात, "ताट रिकामं आहे." आणि मी मूर्ख, निश्चिंत व्हायचे. तुमच्या कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेली नवी भोकंसुद्धा पाहिली, वाटलं, चालणं वाढलंय. लहानपणी मी माशाचं तेल कुंडीत ओतलं, तर तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतात. आता मी काय करायचं, बाबा? मला फसवलंत ते फसवलंत, पण त्या मुक्या जिवाला? तुम्ही द्याल ते तो खात राहिला, दुखत असूनही.

फोनवर तुम्ही मला पुन्हा गुंडाळलं असतंत, म्हणून लिहितेय. शनिवारी येतेय, विगोशिवाय. दोन ताटं मांडा, आईच्या खुर्चीत मी बसेन. टेबलाखाली कोणी नसेल. माझ्यादेखत जेवलात, की त्याला न्यायला माझ्याबरोबर चला. "तो जेवला का?" हे तुम्ही रोज विचारता, त्याचं उत्तर यापुढे तोवर मिळणार नाही. दाराशी तुमची वाट बघत बसलाय, एवढंच सांगते.

तुमचीच, अजून रागावलेली,
डोर्ते