वळसंगची लाइन

सोलापूर,
गुरुवार, २७ जून २०२४

चि. सोमेश यास,

अण्णाचा आशीर्वाद. श्रीदेवी आणि पोरं बरी असतील. इकडं तुझ्या वहिनीचा गुडघा अजून दुखतोच, बाकी ठीक.

सोमवारी सकाळी पूजेला बसलो होतो. इष्टलिंग तळहातावर असताना फोन वाजला आणि मी तो घेतला. असं आजवर कधी केलं नव्हतं.

फोन आपल्या इंटरनेटच्या धंद्याला बँडविड्थ देणाऱ्या कंपनीचा होता. दुपारी त्यांचा माणूस नवा करार घेऊन एमआयडीसीतल्या ऑफिसात आला. दर बराच उतरवलेला, मुदत तीन वर्षं. अट एकच: ही बँडविड्थ पुढं दुसऱ्या कुठल्या ऑपरेटरला द्यायची नाही. म्हणजे वळसंगला तुझ्याकडं जाणारी लाइन बंद.

कंपनीनं हे कलम आपणहून घातलं, असं मी घरी सांगितलं.

अव्वा गेल्यावर तिसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर तू म्हणालास, "अण्णाची पूजा लोकांनी बघावी म्हणून असते." दोन वर्षं तेवढंच वाक्य धरून बसलो.

करारातलं मोजणीचं कलम मला नीट कळेना, म्हणून त्या माणसाला विचारलं. दर पाच मिनिटांनी वापर मोजतात. महिनाअखेर सगळ्यांत चढे पाच टक्के आकडे सोडून देतात आणि उरलेल्यांत जो सर्वांत वरचा, त्यावर बिल करतात.

"चढलेलं सोडून देता?" मी म्हणालो.

तो हसला. "काका, एखाद्या वेळी गर्दी कुणाच्याही लाइनवर होते. त्यावरून गिऱ्हाईक कसं ठरवायचं?"

पुढ्यातला चहा गार झाला. अव्वा अंथरुणाला खिळली तेव्हा रोज तिला उचलून तूच बसवायचास. ते मी कधी मोजलंच नव्हतं.

सोमेश, लाइन पुढं न देण्याचं ते कलम मीच मागितलं होतं. अशी अट घातली तर दर उतरेल का, असं मीच विचारलं होतं. लाइन करारानं तोडली असती, माझ्यावर बोल आला नसता. सोमवारी हातावर देव होता आणि कान त्या फोनकडं. तू म्हणालास ते खोटं, असं आता म्हणवत नाही.

काल तुझ्या वहिनीला खरं सांगितलं. ती म्हणाली, "जुनाच दर राहू द्या की."

आज ते कलम खोडायला लावलं आणि जुन्या दरानं सही करून दिली. वळसंगची लाइन चालू आहे.

अव्वाचा थोरला,
ईरप्पा